माणशी एक

"चीनमधल्या प्रत्येक माणसाने आपला सदरा फक्त एक इंच लांब शिवायचं ठरवलं, तर..." एवढं बोलून तो थांबतो. पुढचं समोरच्याने विचारायचं असतं. समोरचा कालच बोटीतून उतरलेला असेल तर "तर काय?" म्हणतो आणि अडकतो. मुरलेला असेल तर ग्लास उचलून खिडकीतून नदीकडे बघायला लागतो.

स्थळ शांघाय क्लब. हुआंगपू नदीच्या काठावर, बंड नावाच्या रस्त्याला या क्लबाची नवी इमारत १९१० साली उभी राहिली. आत शंभर फुटांहून लांब बार. जगात याच्याहून लांब बार नाही, असं सभासद छातीठोकपणे सांगत. त्या बारलाही वर्णव्यवस्था होती. नदीकडच्या खिडकीशी बड्या पेढ्यांचे मालक आणि बँकांचे मॅनेजर. तिथून जसजसं आत सरकावं तसतसा उजेड कमी आणि पगारही कमी. चिनी माणसाला सभासदत्व नव्हतं. ट्रे घेऊन फिरणारे सोडले, तर ४० कोटी गिऱ्हाइकांबद्दलची सगळी चर्चा गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवूनच चालायची.

मी याला चाळीसकोटी साहेब म्हणतो. हा कोणी एक इसम नव्हे, ही जमात आहे. तेव्हा चीनची लोकसंख्या ढोबळमानाने ४० कोटी धरत आणि हा आकडा त्याच्या तोंडात सुपारीसारखा कायम असे. मूळचा तो नॉर्थ कॅरोलायनाचा, ओहायोचा, नाहीतर बॉस्टनचा. त्याचा एक चुलतभाऊ मँचेस्टरला असतो. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण पाढा एकच. जुन्या आठवणी, व्यापारी अहवाल, प्रवासवर्णनं यांतलं कुठलंही पान उघडा, हा तिथे आधीच येऊन बसलेला असतो आणि हिशेबाला सुरुवात झालेली असते.

तुम्हीही याला ओळखता. आपल्याकडे तो बहुधा मेव्हणा असतो. भाऊबीजेचं जेवण झालं की सुपारी कातरता कातरता सुरू होतो : "पुण्याची लोकसंख्या धरा पन्नास लाख. त्यातले नव्वद टक्के सोडून द्या." इथे तो ज्या दिलदारपणे पंचेचाळीस लाख माणसं सोडून देतो, ते पाहून ऐकणाऱ्याला भरून येतं. "उरले पाच लाख. त्यांनी दिवसाआड एक ग्लास नीरा घेतली, तरी..." साहेबही असाच उदार आहे. तो पुरा चीन मागतच नाही. दहातला एक द्या म्हणतो. सदराही अंगरख्याएवढा लांब करा म्हणत नाही. एक इंच.

त्या इंचाचं पुढचं वाक्य असं, की मग लँकेशायरच्या गिरण्या पिढीभर धडधडत राहतील. हे वाक्य चुलतभावाकडचं, पण साहेबाने ते उसनं घेतलं आणि परत केलं नाही. मी तो गुणाकार कागदावर मांडून पाहिला. साहेबाने कधी मांडला नसावा. ४० कोटी इंच म्हणजे १ कोटी ११ लाख यार्ड. सदऱ्याला घेर असतो म्हणून दुप्पट धरू. झाले सव्वादोन कोटी. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड परदेशी पाठवलं. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला सव्वादोन कोटींच्या वरच. म्हणजे अख्ख्या चीनने सदरे लांब केले असते, तर लँकेशायरला काम पुरलं असतं एक दिवस. संध्याकाळी भोंगा वाजला की संपलं. गुणाकारावर आयुष्य काढलेल्या माणसाने गुणाकार पुरा केला नाही, याचं मला नवल वाटत नाही. मेव्हणाही वही-पेन्सिल आणली की विषय बदलतो.

खानदानाबद्दल साहेब फार बोलतो, आणि बोलण्यासारखं आहेही. मूळ पुरुष १७८४ साली निघाला. इंग्लंडबरोबरचा तह अमेरिकन काँग्रेसने मंजूर करून सव्वा महिना झाला होता. राष्ट्र म्हणून अजून धड बसायला जागा नाही, तोच २२ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, न्यू यॉर्कहून 'एम्प्रेस ऑफ चायना' नावाचं जहाज कँटनकडे सुटलं. जहाजात काय? ॲपलाचियन डोंगरातल्या जिनसेंगच्या मुळ्या, सुमारे ३० टन. चिनी वैद्यकात या मुळीला मोठा मान. मागणी आधी, माल मागाहून, असा हा सरळ व्यवहार होता. जहाज चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परतलं आणि गुंतवणुकीवर पंचवीसेक टक्के फायदा झाला. या पहिल्या फेरीने घराण्याचं डोकं फिरलं ते कायमचं. मग सगळेच मुळ्या उपटायला धावले. त्या भागेनात तेव्हा समुद्री ऊदमांजरांची कातडी नेली, ऊदमांजरं संपत आली. हवाईचं चंदन नेलं, चंदन संपलं. चीनला अमेरिकेचं काय हवं, या प्रश्नाचं उत्तर दर वीस वर्षांनी संपत असे.

मँचेस्टरच्या चुलतभावाची तऱ्हा याहून न्यारी. चिएनलुंग बादशहाने १७९३ मध्येच इंग्लंडच्या राजाला कळवलं होतं, की आमच्याकडे सगळं आहे, तुमच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही. इतकं स्वच्छ उत्तर व्यापारात क्वचित मिळतं. ते कोणी मनावर घेतलं नाही. अफूचं युद्ध होऊन १८४२ साली नानकिंगचा तह झाला, पाच बंदरं उघडली, आणि चुलतभावाने माल चढवला. शेफील्डच्या एका पेढीने सुऱ्याकाटे पाठवले. काड्यांनी जेवणाऱ्या लोकांना! लंडनच्या एकाने पियानो धाडले. चिनी बायका शेकड्यांनी पियानो शिकू लागतील, हा अंदाज. नाही लागल्या.

मिचेल नावाचा एक सरळ माणूस तेव्हा हाँगकाँगच्या सरकारी नोकरीत होता. त्याने १८५२ साली अहवाल लिहिला : चिनी शेतकरी सुगी झाली की घरच्या घरी सूत काततो, कापड विणतो. ते जाडंभरडं असतं, वर्षानुवर्षं टिकतं आणि त्याला जवळजवळ फुकट पडतं. तो तुमचं पातळ कापड का घेईल? गिऱ्हाइकाच्या घरात डोकावून लिहिलेला हा बहुधा पहिला कागद. तो दप्तरात पडून राहिला आणि सहा वर्षांनी चीनला आलेले इंग्रज वकील लॉर्ड एल्जिन यांच्या हाती लागला. पुढे कार्ल मार्क्सने त्याचा हवाला देऊन लेख लिहिला, तोही न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्रात. साहेबाच्या घरी हे वर्तमानपत्र येत असणार. त्यात त्याने बहुधा जहाजांच्या वेळा वाचल्या.

आता त्याचं दुसरं पेटंट वाक्य : "आम्ही इंग्रजांसारखे नाही." हे तो छातीवर हात ठेवून म्हणतो आणि मनापासून म्हणतो. म्हणूनच त्याच्यावर रागावता येत नाही. इंग्रज लोक चीनवर तोफा डागतात, बेटं घेतात. आम्ही फक्त व्यापार करतो. अफू? अफू इंग्रजांची. हे म्हणताना तो स्मर्ना बंदराचं नाव घेत नाही. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत, म्हणून बॉस्टनचे व्यापारी तुर्कस्तानची अफू स्मर्नाहून भरून कँटनला नेत. रसेल अँड कंपनी ही यातली बडी पेढी. तिचा एक भागीदार वॉरन डेलानो, म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्टचा आजा. आपणही फार ताठ मानेने बोलू नये. माळव्याची अफू मुंबईहूनच चीनला जाई. सर जमशेटजी जीजीभाईंच्या अफाट दौलतीत तिचा मोठा वाटा, आणि त्या दौलतीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आजही आजाऱ्यांना बरं करतं.

१८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन याने अफू जप्त केली. इंग्रज व्यापारी रागारागाने कँटन सोडून निघाले. इंग्रज अधिकाऱ्याने अमेरिकनांनाही चला म्हटलं. रसेल कंपनीच्या रॉबर्ट फोर्ब्जने दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की आम्ही इथे हवापालटाला आलेलो नाही, आणि नुकसान झालं तर भरून द्यायला आमच्याकडे राणीही नाही. अमेरिकन राहिले. मग इंग्रजांचाच माल आपल्या जहाजांतून कँटनला आत-बाहेर नेऊन देऊ लागले, अव्वाच्या सव्वा भाड्याने. मालही इंग्रजांचा, भांडणही इंग्रजांचं, भाडं तेवढं अमेरिकनांचं.

युद्ध झालं, तह झाला, आणि दोन वर्षांनी अमेरिकेचा वकील केलेब कुशिंग पिसांची टोपी घालून मकाऊला उतरला. सोबत अध्यक्ष टायलर यांचं चीनच्या बादशहाला पत्र. त्यात आधी प्रकृतीची विचारपूस. मग आमच्या देशात २६ राज्यं आहेत असं सांगून सगळ्या राज्यांची नावं ओळीने दिलेली, प्राथमिक शाळेतल्या मुलाने निबंधाची पानं भरावीत तशी. आणि तुमची प्रजा फार मोठी आहे, हेही आवर्जून. म्हणजे शिरगणतीचं वेड थेट वरपासून होतं. १८४४ च्या जुलैत मकाऊजवळच्या वांगशिया गावातल्या देवळात तह झाला. गोळी न झाडता इंग्रजांना मिळालेल्या बहुतेक सवलती मिळाल्या. शिवाय अमेरिकन माणसाने चीनमध्ये गुन्हा केला तर त्याचा न्याय अमेरिकनच करणार. आणि वर ते सुप्रसिद्ध कलम : यापुढे चीन दुसऱ्या कुणालाही जे देईल, ते आपोआप आम्हालाही. नळावर भांडण शेजारणीने करायचं, झिंज्या तिने उपटून घ्यायच्या, आणि पाणी आलं की हिने हंडा पुढे सारायचा. वर म्हणायचं, "बाई, मला भांडण कसं ते माहीत नाही."

शांघायमधला त्याचा दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. साहेब सकाळी ऑफिसात येतो, पत्रं बघतो, भिंतीवरचा नकाशा बघतो. नकाशावर यांगत्सी नदीच्या बाजूने टाचण्या टोचलेल्या. त्या टाचण्या म्हणजे संभाव्य गिऱ्हाइकं. खरी गिऱ्हाइकं बाहेरच्या खोलीत बसतात आणि त्यांच्याशी बोलतो तो कारभारी, ज्याला तिथे कॉम्प्रडोर म्हणत. माल कुणाला द्यायचा, कुणाची पत किती, चांदीचा भाव काय, कुठल्या पेढीची हुंडी खरी, हे सगळं कारभाऱ्याला ठाऊक. बुडीत उधारीची हमीही त्याचीच. साहेबाला चिनी येत नाही. वीस वर्षं झाली, "लवकर" आणि "आणखी एक" याच्यापुढे गाडी गेलेली नाही. पण चिनी माणसाचं मन आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं तो दर शनिवारी सांगतो. कारभारी ते ऐकून मान डोलावतो. दहा-पंधरा वर्षांत कारभाऱ्याची स्वतःची गिरणी होते, बँकेत भागीदारी होते. साहेबाला याचं कौतुक वाटतं. आपल्या हाताखाली माणूस तयार झाला म्हणतो.

खिशात पैसे ठेवायची पद्धत नाही. चांदीचे डॉलर जड, खिसा फाटतो. म्हणून सगळीकडे चिठ्ठीवर सही. दारू, जेवण, शिंपी, फुलं. महिन्याच्या शेवटी सगळ्या चिठ्ठ्या गोळा होऊन दारात येतात, तेव्हा साहेब प्रामाणिकपणे चकित होतो. स्वतःच्या तीस दिवसांची बेरीज ज्याला दर महिन्याला चकवते, तो ४० कोटींचा गुणाकार झोपेतही करतो.

१९०६ पासून तर शांघायला अमेरिकेचं खास न्यायालयच आलं. चीनच्या भूमीवर अमेरिकन न्यायाधीश, अमेरिकन कायदा. साहेबाला यात वावगं काही दिसत नाही. आम्ही इंग्रजांसारखे नाही, हे वाक्य त्याने न्यायालयाच्या पायऱ्यांवरही म्हटलेलं असणार.

क्लबात त्याच्या आजूबाजूला बसतात ते सगळे एकमेकांच्या वाईटावर टपलेले. १८९७ मध्ये शांतुंगमध्ये दोन जर्मन पाद्री मारले गेले आणि त्या निमित्ताने जर्मनीने चिंगताओचं आखात बळकावलं. रशियाने पोर्ट आर्थर घेतलं, इंग्रजांनी वेहायवे, फ्रान्सने क्वांगचौवान. जपानला १८९५ च्या विजयात मिळालेला घास इतरांनी धाक घालून परत काढून घ्यायला लावला होता, त्यामुळे तो गप्प बसून सगळ्यांचे चेहरे लक्षात ठेवत होता. अमेरिकेने याच सुमारास स्पेनकडून फिलिपिन्स घेतलं. चीनच्या बाजाराची पायरी म्हणून, असं सेनेटात बोललं गेलं.

मग १८९९ च्या सप्टेंबरात परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी सगळ्या राष्ट्रांना ती 'उघड्या दाराची' पत्रं लिहिली. आपापल्या टापूत बसा, पण जकात, बंदरभाडं, रेल्वेचे दर सगळ्यांना सारखे ठेवा. कल्पना मुळात चीनच्या जकात खात्यात नोकरी केलेल्या हिपिस्ली नावाच्या इंग्रजाची. दार चीनचं, पत्र अमेरिकेचं, मजकूर इंग्रजाचा. ज्याचं दार त्याला विचारायचं मात्र राहून गेलं. उत्तरं आली ती सगळी अशी : इतरांनी मानलं तर आम्हीही मानू. रशियाच्या उत्तराचा तर अर्थच लागेना. जॉन हे यांनी १९०० च्या मार्चमध्ये जाहीर करून टाकलं, की सर्वांनी मान्यता दिली आहे आणि ती अंतिम आहे. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांनाच हे धाडस असतं. चाळीसकोटी साहेबाला ही घोषणा वाचून कृतकृत्य वाटलं. त्याच्या डोक्यात दार उघडलं म्हणजे गिऱ्हाईक आत आलंच.

त्याच उन्हाळ्यात बॉक्सर बंडखोर पेकिंगवर चालून गेले. आठ देशांच्या फौजांनी ते बंड मोडलं आणि १९०१ मध्ये चीनवर दंड बसवला ४५ कोटी तैल (चिनी वजन) चांदीचा. हा आकडा माणशी एक तैल असा धरला होता, असं सांगतात. व्याज वेगळं, हप्ते १९४० पर्यंत. माणशी एक या हिशेबाने चीनकडून खरोखर वसुली झाली ती ही. अमेरिकेने आपल्या वाट्यातली बरीच रक्कम पुढे चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी परत दिली, त्यातून चिंगह्वा विद्यापीठाचा पाया घातला गेला. हे साहेब न चुकता सांगतो, आणि ते खरंही आहे.

हे सगळं चाललेलं असताना अमेरिकेच्या एकूण निर्यातीत चीनचा वाटा किती होता? टक्का-दोन टक्के. एवढ्यासाठी पत्रं, बोटी, फौजा, बेटं. "सध्या कमी आहे," साहेब म्हणतो, "पण पुढच्या वर्षी..."

तरी तो कधीच बरोबर ठरला नाही असं म्हटलं तर अन्याय होईल. दोन ठिकाणी त्याचा पाढा जुळला. एक रॉकेलचा दिवा. चिनी खेड्यात तेव्हा बशीत वनस्पतीचं तेल, त्यात वात, आणि उजेड जेमतेम स्वतःची बशी दिसण्यापुरता. स्टँडर्ड ऑइलने 'मेइफू' नावाचा काचेच्या चिमणीचा छोटा दिवा काढला आणि तोटा सोसून, काही सेंटांना विकला. दिवा घरात गेला की रॉकेल येणारच. पाच गॅलनचे पत्र्याचे डबे, लाकडी खोक्यात दोन दोन. रॉकेल संपलं की खरा संसार सुरू होई : डब्याला दांडी लावली की बादली, कापून सपाट केला की छपराचा पत्रा, तळाशी भोकं पाडली की शेगडी, आणि खोक्याचं स्टूल. आपल्याकडच्या वाड्यांतून ज्यांनी रॉकेलच्या डब्याचे असे अवतार पाहिलेत, त्यांना त्या चिनी घरात परकं वाटलं नसतं. शांघायच्या ऑफिसात बसून कुणी हे डबे मोजले नव्हते. त्यांचे हे उपयोग गिऱ्हाइकाने स्वतःच शोधले.

दुसरी सिगारेट. जेम्स ड्यूकची गोष्ट साहेब लोक डोळ्यांत पाणी आणून सांगत. सिगारेट वळायचं यंत्र आलं तेव्हा ड्यूकने म्हणे नकाशांचं पुस्तक मागवलं, नकाशे न बघता खालचे लोकसंख्येचे आकडे वाचत गेला, आणि ४३ कोटींवर बोट ठेवून म्हणाला, इथे विकायची. गोष्ट खरी असो वा नसो, सिगारेट विकली गेली. पण कशी? ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीने नॉर्थ कॅरोलायनाच्या पोरांना चिनी शिकलात तर बक्षीस, असं आमिष दाखवलं. शांतुंगच्या शेतकऱ्यांना तंबाखूचं अमेरिकन बी दिलं. सुंदर बायकांची चित्रं असलेली कॅलेंडरं घरोघर पोचवली. आणि विक्रीचं मोठं जाळं चेंग पोचाओसारख्या चिनी व्यापाऱ्यांवर सोपवलं. ड्यूकची लोकसंख्या सगळ्यांना आठवते, चेंगचं नाव कुणी घेत नाही.

दाराबद्दल एक गोष्ट राहिली. चीनचं दार उघडं ठेवा म्हणणाऱ्या अमेरिकेने स्वतःचं दार चिनी मजुरांसाठी १८८२ पासून कायद्याने लावून घेतलं होतं. १९०५ मध्ये शांघायच्या चिनी व्यापाऱ्यांनी अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला. विद्यार्थी रस्त्यावर आले. साहेब अक्षरशः दुखावला गेला. "आम्ही यांच्यासाठी एवढं केलं!" कुणीतरी कायद्याची आठवण करून दिली, तेव्हा तो म्हणाला की राजकारण आणि व्यापार यांची गल्लत करू नये. मँचुरियातला त्याच्या जाड्या कापडाचा बाजारही पुढे जपान्यांनी हिसकावला. इथे मुंबईचे गिरणीवालेही त्याच्या शेजारी डोकं धरून बसलेले दिसतील, कारण मुंबईच्या सुताचं मोठं गिऱ्हाईक चीनच होतं आणि तेही जपानच्याच घशात गेलं.

अध्यक्ष टॅफ्ट यांच्या काळात साहेबाने बँकवाल्यांना बरोबर घेऊन रेल्वेच्या कर्जांत भाग मागितला. परराष्ट्रमंत्री नॉक्स यांनी मँचुरियातल्या रेल्वे सगळ्यांच्या सामाईक कराव्यात असं सुचवलं. परिणाम एवढाच, की हाडवैरी रशिया आणि जपान यांनी घाबरून आपापसात करार केला. तारीख ४ जुलै १९१०. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच.

पण साहेबाच्या बुद्धीचा कळस १९३४ सालचा. अमेरिकेतल्या चांदीच्या खाणवाल्या राज्यांच्या सेनेटरांनी सरकारला चढ्या भावाने चांदी विकत घ्यायला लावली. युक्तिवाद काय? चिनी लोकांकडे चांदीचं चलन आहे, चांदी महागली की ते श्रीमंत होतील आणि आमचा माल घेतील. पुन्हा ४० कोटी, पुन्हा माणशी एक. झालं असं, की चांदी जहाजं भरभरून चीनबाहेर गेली, भाव कोसळले, शांघायचे कारखाने आणि पेढ्या बसल्या, आणि १९३५ च्या नोव्हेंबरात चीनने चांदीचं चलनच सोडलं. गिऱ्हाईक श्रीमंत व्हावं म्हणून त्याचा गल्लाच उचलून नेण्याची ही युक्ती साहेबालाच सुचू जाणे. आणि मनात कपट नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात त्रासदायक.

या जमातीत एक शहाणाही निघाला. मिझुरीचा कार्ल क्रो, शांघायला जाहिरातीचा धंदा करणारा. पाव शतक तिथे काढून त्याने १९३७ मध्ये पुस्तक लिहिलं, नाव '४० कोटी गिऱ्हाइकं', आणि आत त्या आकड्याच्या मोहाची मनसोक्त थट्टा केली. पुस्तक खूप खपलं. ते वाचून कितीतरी नव्या साहेबांनी चीनला माल पाठवायचा विचार केला असेल, कारण पुस्तकाचं नाव सगळ्यांनाच कळलं होतं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानचे बाँब शांघायवर पडले आणि क्रोला गाशा गुंडाळावा लागला.

साहेब मेला असं मात्र समजू नका. ४० कोटींचे पुढे १३० कोटी झाले, एवढाच फरक. घामाचा वास घालवणारा फवारा विकणाऱ्यांनी तर माणसंही मोजली नाहीत. त्यांनी काखा मोजल्या. म्हणजे गुणिले दोन. चिनी लोकांना तो फवारा नकोच होता. शांघाय क्लबाच्या त्या इमारतीत १९८९ मध्ये शहरातलं पहिलं केएफसी उघडलं. आज चीनमध्ये केएफसीची दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत आणि सकाळी तिथे कोंबडीबरोबर तांदळाची पेजही मिळते. ही दुकानं चालवणारी कंपनी २०१६ मध्ये अमेरिकन कंपनीपासून वेगळी झाली. तिचं ऑफिस शांघायला आहे आणि तिथल्या माणसांना चिनी येतं.

बाकी व्यापाराचं म्हणाल, तर २०१८ मध्ये अमेरिकेने चीनला जेवढा माल विकला त्याहून ४०० अब्ज डॉलरचा जास्त माल चीनकडून घेतला. त्यावरून जकातींचं भांडण पेटलं. मग १५ जानेवारी २०२० रोजी वॉशिंग्टनला करार झाला. त्यात चीनने दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरचा जादा अमेरिकन माल घ्यायचा, असा आकडा कागदावर घातला, सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. दोन वर्षं संपली. चीनने तेवढा माल घेतला नाही.